मात्रा आणि माया

आमच्या घरात उंदरांचे औषध कुलपात असते, फिनेलची बाटली न्हाणीघरातील उंच फळीवर असते, आणि सर्दीचे औषध मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या कोनाड्यात, कोणाचाही हात सहज पोहोचेल अशा ठिकाणी, मधाच्या बाटलीशेजारी उभे असे. ज्या वस्तूला मनुष्य भितो तिच्यापासून त्याला सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो जिच्याशी त्याची सलगी झाली तिच्यापासून. हे आम्हांस ज्या रीतीने कळले ती हकीकत वाचकांपुढे मांडावी, असे बरेच दिवस मनात होते. प्रमाद आमच्याच हातून घडलेला असल्यामुळे लिहिताना संकोच होतो. परंतु ज्या घरांतून हे मासिक वाचले जाते त्यांपैकी पुष्कळ घरे आमच्याच घरासारखी असावीत, असा आमचा तर्क आहे, आणि म्हणून संकोच बाजूस ठेवून लिहीत आहो.

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडी अजून जे औरंगाबाद आहे तेथले, राहणारे. औरंगपुऱ्यात आमचे तीन पिढ्यांचे घर असून आज त्यात अकरा माणसे एका चुलीवर जेवतात. पाऊस सरत आला की भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत या घरात शिंकांची आवर्तने चालू होतात. गावाबाहेर पडावे तो रस्त्याच्या दोहों कडांना, पडीक जागांतून, नाल्यांच्या काठाने बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजलेले दिसते. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. गेल्या शतकाच्या मध्याला पुण्याकडे ते प्रथम अभ्यासकांच्या नजरेस आले आणि पुढे सगळा देश त्याने व्यापला. त्याच्या परागांनी कोणाचे नाक वाहते, कोणाच्या अंगाला खाज सुटते. त्यात कापसाचे दिवस, रस्त्यांची धूळ आणि सकाळसंध्याकाळचा गारवा यांची भर पडते. अशा घरात सर्दीच्या औषधाची एकच बाटली असणे शक्य नव्हते. ज्याने त्याने आणलेली, कधी वैद्यांनी लिहून दिलेली, कधी दुकानदाराने आपल्या मनाने दिलेली, अशी चारपाच बाटल्यांची पंगत कोनाड्यात बसलेली असे.

या कोनाड्याची खरी मालकी आमच्या आत्याबाईंची. त्यांचे वय आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. त्यांच्या तरुणपणी याच कोनाड्यात सहाण आणि बाळगुटीची लाकडी पेटी असे. घरातले तान्हे मूल न्हाऊन आले की आत्याबाई सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब घेऊन एकेक जिन्नस उगाळीत आणि तोंडाने वेढे मोजीत. हिरड्याचे इतके, मुरडशेंगेचे इतके, वेखंडाचा एकच आणि तोही हलक्या हाताने; जायफळ झोप आणते म्हणून त्याचा अर्धाच. मुलाचा महिना बदलला की वेढ्यांची संख्या बदले. उगाळताना कोणी मध्येच बोलले आणि मोजणी चुकली, तर आत्याबाई सहाण धुऊन टाकीत आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत. बाळगुटी हितकर की अहितकर, हा आजचा विषय नव्हे. आजचे बालवैद्य पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही नको म्हणतात आणि ते योग्यच आहे. आम्हांस सांगावयाचे ते इतकेच की, त्या काळी औषध देणारा हात एक होता आणि तो मोजीत होता. औषधाच्या प्रमाणाला आपल्या भाषेत मात्रा म्हणतात. 'अमुक मात्रा लागू पडली' असे आपण म्हणतो तेव्हा औषध व त्याचे माप या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात येतात.

पुढे सहाण देवघरात गंधापुरती उरली आणि कोनाड्यात बाटल्या आल्या. प्रत्येक बाटलीच्या माथ्यावर मापाची एक पारदर्शक टोपी असते. ही टोपी आमच्या घरी फार दिवस टिकत नसे. ती आमच्या नातीच्या भातुकलीत जाई आणि तेथे तिचे पातेले होई. बाटलीवर जे पाच मिलिलिटर लिहिलेले असते ते मग हाताशी येईल त्या चमच्याने मोजले जाई. मोजले जाई असे म्हणणेही धाडसाचे आहे. ते ओतले जाई.

आता प्रसंग सांगतो. काही वर्षांमागील नवरात्रातली गोष्ट. नात तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि दोन दिवस तिचे नाक वाहत होते. सकाळी सूनबाईंनी मागच्या माघात आणलेल्या बाटलीतले एक चमचा औषध तिला पाजले आणि त्या शेजारच्या बायकांबरोबर कर्णपुऱ्याच्या देवीच्या दर्शनास गेल्या. यात्रेच्या दिवसांत तेथील गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या दुपारपर्यंत का परतल्या नाहीत हे सांगावयास नको. दुपारी पोरीचे शिंकणे पाहून आमच्या वहिनींना दया आली. त्यांनी आपल्या खोलीतील बाटलीतले एक चमचा दिले. चारच्या सुमारास ती आमच्या मांडीवर येऊन रडू लागली. आम्ही आमच्या स्वतःच्या सर्दीच्या गोळीचा अर्धा तुकडा काढला, तो चमच्याच्या पाठीने चुरला आणि मधातून चाटविला. गोळी मोठ्यांची आहे हे आम्हांस ठाऊक होते. म्हणूनच तर अर्धी दिली, अशी आमची त्या वेळची समजूत! दिवेलागणीला आत्याबाईंनी 'लेकराला कोणी औषध तरी दिले आहे की नाही' असे पुटपुटत कोनाड्यातील आणखी एका बाटलीतले एक चमचा दिले. सूनबाई परत आल्या तेव्हा स्वयंपाकाची घाई होती. कोणी कोणाला काही विचारले नाही.

रात्री नऊच्या सुमारास मूल झोपावयास हवे होते, ते झोपेना. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, अंग कढत लागत होते आणि ओठ कोरडे पडले होते. ती मध्येच हसे, मध्येच दचके आणि समोरच्या भिंतीवरून काहीतरी वेचून काढावे तसे हवेत बोटांनी चिमटे घेई. "मुंग्या, मुंग्या," असे ती म्हणू लागली. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. यात्रेहून आलेल्या बायकांची दृष्ट लागली, असे ठरवून आत्याबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. आम्हीही तापाचा जोर असेल म्हणून कपाळावर पाण्याची पट्टी ठेवीत बसलो.

सुदैवाने आमची पुतणी, जी त्या वेळी औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती, सुटीसाठी घरी आलेली होती. तिने दिव्याखाली मुलीचे डोळे पाहिले. बुबुळांतील काळी बाहुली इतकी पसरली होती की भोवतीचा तपकिरी भाग जेमतेम कडेला उरला होता. दिवा जवळ नेला तरी ती लहान होईना. पुतणीने वळून सर्वांना एकच प्रश्न केला, "हिला आज काय काय दिलंत?"

"मी एकच चमचा दिला," सूनबाई म्हणाल्या.

"मीसुद्धा एकच," वहिनी म्हणाल्या.

आत्याबाईही तेच म्हणाल्या. आम्ही म्हणालो, "आम्ही तर अर्धीच गोळी दिली." आणि हे शब्द तोंडातून निघत असतानाच आमच्या पोटात खड्डा पडला. चार माणसांनी चार वेळा एकेकच दिले होते. त्या चारांची बेरीज करणारे घरात कोणी नव्हते.

रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा रस्ता आम्ही कधी विसरणार नाही. निघताना पुतणीने दोन गोष्टी केल्या, त्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. आत्याबाई मिठाचे पाणी पाजून ओकारी काढावी म्हणत होत्या, ते तिने करू दिले नाही. कारण अशा अवस्थेत मुलाची शुद्ध हरपली किंवा झटका आला तर ओकारी श्वासनलिकेत जाते. आणि सगळ्या बाटल्या व गोळ्यांची पट्टी पिशवीत घालून तिने बरोबर घेतली. तेथील वैद्यांनी प्रथम त्या बाटल्याच पाहिल्या. तिन्हींची नावे निराळी, रंग निराळे, चित्रे निराळी. परंतु पाठीमागच्या बारीक अक्षरांत तिन्हींवर आणि आमच्या गोळीच्या पट्टीवरही एकच नाव होते, क्लोरफेनिरामिन. मुलीच्या छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांवर रात्रभर नजर ठेवण्यात आली, शिरेवाटे पाणी देण्यात आले आणि साचलेली लघवी मोकळी करावी लागली. त्या बाटल्यांत तापावरचे पॅरासिटामॉलही होते, त्याचा हिशेब वैद्यांनी वेगळा केला. कारण ते प्रमाणाबाहेर गेले तर यकृत बिघडते आणि तो बिघाड दिसू लागेपर्यंत एकदोन दिवस निघून जातात. पहाटे चारला ती झोपली. सकाळी आठला जागी झाली आणि साबुदाण्याची खिचडी मागू लागली. तेव्हा आम्ही दालनाबाहेर जाऊन उभे राहिलो. आमचे डोळे कोणी पाहू नयेत एवढ्याचसाठी.

त्या वैद्यांनी आणि नंतर आमच्या पुतणीने जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे. आपल्या शरीरात हिस्टामिन नावाचे एक द्रव्य असते. १९१० साली इंग्लंडात हेन्री डेल व त्यांचे सहकारी यांनी त्याचे गुणधर्म प्रथम नीट वर्णन केले. वावडे असलेला पराग वा धूळ शरीरात शिरली की हे द्रव्य पेशींतून बाहेर पडते आणि शिंका, नाकाला पाणी, खाज, पित्ताच्या गांधी असे प्रकार सुरू होतात. त्याला अटकाव करणारे पहिले द्रव्य पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दान्येल बोवे यांनी १९३७ साली शोधले. १९५७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९४३ साली अमेरिकेत जॉर्ज रिव्हेश्ल यांनी डायफेनहायड्रामिन तयार केले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस क्लोरफेनिरामिनही आले. ही सर्व पहिल्या पिढीची औषधे होत. त्यांत दोन अवगुण आहेत. ती मेंदूत शिरतात, म्हणून झोप येते. आणि हिस्टामिनखेरीज शरीरातील दुसऱ्या एका दूतद्रव्यालाही ती अडवितात. ते दूतद्रव्य लाळ, घाम, लघवी, आतड्यांची हालचाल व डोळ्यांची बाहुली यांचा कारभार पाहते. नेहमीच्या मात्रेत तोंडाला थोडी कोरड पडते, एवढेच आपल्याला जाणवते. मात्रा चढली की तोंड सुकते, घाम थांबून अंग तापते, बाहुल्या पसरतात, लघवी अडते, नाडी धावू लागते आणि मनुष्य भ्रमिष्टासारखा बरळू लागतो. त्याहून चढली तर झटके येतात आणि हृदयाचा ताल बिघडतो. डायफेनहायड्रामिनच्या बाबतीत हा शेवटचा धोका विशेष आहे. आणि लहान मुलांचे वैशिष्ट्य असे की, मोठ्यांना ज्या औषधाने गुंगी येते त्यानेच ती पुष्कळदा उलट चेकाळतात. म्हणून मूल झोपत नाही, याचा अर्थ औषध कमी पडले, असा समज करून आणखी देणे हे आगीत तेल ओतण्यासारखे होय.

घरी आल्यावर आम्ही एक उद्योग केला. पुतणीकडून सुई नसलेली पिचकारी घेतली आणि स्वयंपाकघरातील प्रत्येक चमच्यात पाणी भरून मोजले. चहाच्या एका चमच्यात तीन मिलिलिटर मावले, दुसऱ्यात साडेपाच. ज्या चमच्याने तिघींनी औषध दिले होते तो पोह्यांचा चमचा; त्यात आठ मिलिलिटर मावले. पाच मिलिलिटरला दोन मिलिग्रॅम या हिशेबाने त्या एका चमच्यात तीन मिलिग्रॅमांहून थोडे अधिक औषध होते. तीन चमचे आणि आमच्या चार मिलिग्रॅमच्या गोळीचे अर्धुक, म्हणजे दोन; एकूण बेरीज अकरा मिलिग्रॅमांच्या पुढे गेली. सहा ते बारा वर्षांच्या मुलास सबंध दिवसात, चारसहा तासांच्या अंतराने, अधिकात अधिक बारा मिलिग्रॅम देता येते. आणि आमची नात साडेतीन वर्षांची होती. कागदावर ती बेरीज मांडून झाल्यावर आम्ही पेन्सिल खाली ठेवली, ती बराच वेळ पुन्हा उचलवली नाही.

वाचकांच्या माहितीसाठी आणखी काही आकडे देतो. ते वैद्याच्या सल्ल्याच्या जागी वापरण्यासाठी नव्हेत, मर्यादा कोठे असते याची कल्पना यावी म्हणून आहेत. निरोगी प्रौढ मनुष्यास क्लोरफेनिरामिन एका वेळी चार मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसाकाठी चोवीसच्या वर नाही. डायफेनहायड्रामिन, जे खोकल्याच्या कित्येक औषधांतही असते, एका वेळी पंचवीस ते पन्नास मिलिग्रॅम आणि दिवसाकाठी तीनशेच्या आत. अलीकडे घरोघरी असणारे सेटिरिझिन दहा मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच. शिंका थांबल्या नाहीत म्हणून सेटिरिझिनची दुसरी गोळी घेणारे आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्याने शिंका फारशा थांबत नाहीत, गुंगी मात्र वाढते. ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत त्यांना तर नेहमीची एक गोळीही वैद्यास विचारून, बहुधा निम्मी करून, घ्यावी लागते. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही दुसऱ्या पिढीची औषधे मेंदूत कमी शिरतात हे खरे. परंतु सेटिरिझिनने काहींना झोप येतेच, आणि झोप न आणणारे ते सर्व निर्धोक असा नियम नाही. टर्फेनाडिन नावाचे असेच झोप न आणणारे औषध काही दुसऱ्या औषधांबरोबर घेतले असता हृदयाचा ताल बिघडवीत असे. अमेरिकेत ते १९९८ साली बाजारातून काढून घेण्यात आले.

आपल्याकडे या औषधांविषयी कायदा अगदीच मूक आहे असेही नाही. १९४५ च्या औषध नियमांना जोडलेल्या 'जी' परिशिष्टात क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांची नावे आहेत, आणि वैद्यकीय देखरेखीवाचून हे घेणे धोक्याचे आहे, अशा अर्थाची सूचना वेष्टनावर छापावी लागते. ती इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असते; चष्मा शोधून ती वाचण्याइतका धीर सर्दी झालेल्या माणसाला नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे वेष्टनावर छापण्यास कारखानदारांना बजाविले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः नकोत, असे कळविले. हे कळविण्याचे निमित्त मोठे दुःखद होते. मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी कित्येकांवर आपल्या नागपुरात उपचार चालले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकोल हे विष मिसळले गेले होते. तेथील आईबापांनी काही चुकीचे माप दिले होते असे मुळीच नाही; तो दोष सर्वस्वी कारखान्यातला होता. परंतु लहान मुलाची साधी सर्दी बहुधा आपोआप बरी होणारी असते, आणि जे औषध मुळात नको होते ते दिले गेले नाही तर त्यातला कोणताही धोका, मापाचा असो वा भेसळीचा, मुलापर्यंत पोहोचत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

त्या नवरात्रानंतर घरात आम्ही एक वही आणली. ती कोनाड्याच्या खिळ्याला दोऱ्याने टांगली आणि तिच्याशेजारी पेन्सिल बांधली. कोणी कोणाला कोणतेही औषध दिले की तारीख, वेळ, औषधाचे पाठीमागचे खरे नाव, मिलिलिटर अथवा मिलिग्रॅम आणि देणाऱ्याचे नाव लिहावयाचे. आणि देण्यापूर्वी आधीची ओळ वाचावयाची. सगळ्या जुन्या बाटल्या आम्ही काढून टाकल्या. ज्या उरल्या त्या कुलपाच्या कपाटात गेल्या, आणि मापाची टोपी बाटलीशी चिकटपट्टीने जखडली गेली.

आत्याबाईंना हे मुळीच रुचले नाही. "बाळ," त्या आम्हांस म्हणाल्या (साठी उलटून गेली तरी आम्ही त्यांचे बाळच), "मायेला कधी कोणी हिशेब विचारतं का? लेकराला औषध पाजायचं तर आता वाण्यासारखी वही लिहायची?"

"आत्या, तू वेढे मोजत होतीस, तो हिशेबच नव्हता का?" असे आम्ही विचारले. त्या काही बोलल्या नाहीत. परंतु वहीत एक अक्षरही लिहीनात.

त्याच वर्षी माघात आत्याबाईंच्या हातापायांना खाज सुटली. खाजेची गोळी त्यांच्याजवळ होती. त्याच दिवशी शिंका आल्या म्हणून त्यांनी सर्दीची एक गोळी घेतली. आणि झोपेसाठी वैद्यांनी दिलेली गोळी तर त्या रोज घेतच होत्या. तिन्ही त्यांनी आपल्या ट्रंकेतून काढून घेतल्या, म्हणून वहीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. मध्यरात्री त्या उठून ओटीवर आल्या. आम्ही आवाज ऐकून गेलो तो त्या दाराची कडी चाचपीत उभ्या होत्या. आम्हांकडे पाहून त्यांनी आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि विचारले, "दादा, टांगा आला का?" आमचे वडील जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. आम्ही त्यांना धरून बसविले, दिवा लावला आणि त्यांचे कोरडे ओठ पाहिले. या खेपेस काय झाले आहे ते ओळखण्यास आम्हांस वेळ लागला नाही.

वृद्धांच्या बाबतीत पहिल्या पिढीची ही औषधे शक्य तो टाळावीत, असे वृद्धचिकित्सक सांगतात. म्हातारपणी औषध शरीरातून हळू बाहेर पडते. त्याने बुद्धीला भ्रम होतो, तोल जातो, मनुष्य पडतो आणि मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळतो. काचबिंदूचा एक प्रकार असतो त्यात डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो. प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेल्या पुरुषाची लघवी अडते. झोपेची गोळी अथवा मद्य यांची जोड मिळाली तर गुंगी दुणावते आणि श्वास मंदावतो. गुंगी येते म्हणून ही औषधे झोपेसाठी घेण्याची चाल पडली आहे, तीही फसवी आहे. चारसहा दिवसांत शरीराला त्या गुंगीची सवय होते आणि मग मनुष्य मात्रा वाढवू लागतो. प्रवासात मूल शांत झोपावे म्हणून त्याला खोकल्याचे औषध पाजण्याचा प्रकार तर आम्ही रात्रीच्या गाडीत डोळ्यांनी पाहिला आहे. आमचा पुतण्या वाळूजच्या कारखान्यात पाळीने काम करतो. रात्री सर्दीची गोळी घेतल्यावर सकाळी दुचाकी चालवावयाची नाही, असा नियम त्याने स्वतःहून घालून घेतला आहे. घरातील महाविद्यालयीन मुलांशी आम्ही या विषयावर एकदा उघडपणे बोललो. कारण काही वर्षांपूर्वी पाश्चात्य देशांत तरुण मुलांनी केवळ पैजेखातर मूठभर गोळ्या खाण्याचे वेड निघाले होते, आणि त्यापायी मृत्यू झाल्याच्या बातम्यांनंतर २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला होता.

आणि एवढे करूनही चूक झालीच, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये. चुकून कोणी अधिक घेतल्याचे कळताच १०८ वर दूरध्वनी करावा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. आमच्या गावी घाटीचे शासकीय रुग्णालय अहोरात्र उघडे असते. ओकारी काढू नये, दूध वा मिठाचे पाणी पाजू नये, बाटल्या बरोबर न्याव्यात आणि किती दिले ते खरे सांगावे. खरे सांगण्याचीच लाज वाटते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. 'अर्धीच गोळी' हे शब्द त्या रात्री वैद्यांपुढे उच्चारताना आमची जीभ जड झाली होती. परंतु त्या अर्ध्या गोळीवाचून त्यांचा हिशेब पुरा झाला नसता.

आत्याबाई दोन दिवसांत बऱ्या झाल्या. त्या रात्रीतले त्यांना काहीच आठवत नव्हते. आम्ही टांग्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. "दादा आला होता का?" एवढेच त्यांनी विचारले आणि बराच वेळ त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतल्या गोळ्यांचा डबा त्यांनी आपण होऊन पुतणीच्या हाती दिला.

गेल्या पावसाळ्यात नातीला पुन्हा सर्दी झाली. ती आता शाळेत जाते आणि भातुकली खेळत नाही. दिवसभर तिच्याजवळ आत्याबाई होत्या. संध्याकाळी आम्ही बाहेरून आलो आणि सवयीप्रमाणे कोनाड्याशी जाऊन वही उघडली. शेवटच्या ओळीत थरथरत्या, परंतु वळणदार अक्षरांत लिहिले होते: 'सकाळी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, दोन-दोन. दुपारी कोमट पाण्यात मध, टोपीने मोजून एक. संध्याकाळी पोर खेळते आहे, काही दिले नाही.' आणि खाली त्यांचे संपूर्ण नाव, जसे त्या पेन्शनच्या कागदावर लिहितात तसे.